भिंत रंगवण्याआधी ग्राफ

कलाशिक्षक नेहमी विचारतात, "चित्रकाराला शाळेत बोलावलं, भिंत दिली, रंग आणून ठेवले. पण अठ्ठेचाळीस मुलांनी करायचं काय?" बहुतेक ठिकाणी होतं असं की चित्र कलाकार काढतो आणि मुलं त्याने आखून दिलेल्या पानात हिरवा रंग भरतात. फोटो छान येतो, पण त्या चित्रात मुलांनी ठरवलेलं काहीच नसतं.

सोलापुरात याचं उत्तर घराघरात अंथरलेलं आहे. चादरीची नक्षी आधी ग्राफवर उतरते. भरलेला चौकोन म्हणजे मागाच्या पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक. जॅकार्डवर, म्हणजे अशा कार्डांवर चालणाऱ्या मागावर, भोक आलं की तो ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, नाही आलं तर खालीच राहतो. ग्राफची एक ओळ म्हणजे एक कार्ड. चादर उलटी केली की रंगांची अदलाबदल झालेली दिसते. म्हणजे रिकामी सोडलेली जागाही नक्षीच असते. मोकळ्या जागेचा हा धडा आठवीच्या मुलाला फळ्यावर समजावून कळत नाही, चादर उलटून दाखवली की कळतो. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एकाच वर्गात असतात, तिथे दाखवून शिकवणं तर फारच उपयोगी.

भिंतीवर चित्राची जागा 12 बाय 6 फुटांची धरा, चौकोन 3 इंचांचा. आडवे 48, उभे 24, एकूण 1152 चौकोन. सहा-सहा मुलांचे आठ गट करा. प्रत्येक गटाला 12 बाय 12 ची एक नक्षी, म्हणजे भिंतीवर 3 बाय 3 फूट. प्रत्येक मुलाच्या वाट्याला 24 चौकोन येतात. रंग दोनच. नियम एकच: कडेची ओळ शेजारच्या गटाशी बोलून ठरवायची. खरं काम इथेच होतं. दोन गट कडेवरून अर्धा तास भांडतात, त्यात कलाकाराने पडू नये. त्याने एवढंच विचारावं, "ही रेघ पलीकडे कुठे जाते?"

खऱ्या चादरीच्या ग्राफवरून नक्षी उचलू नका. तो कागद ताण्या-बाण्याच्या (उभ्या-आडव्या धाग्यांच्या) दाटीप्रमाणे आखलेला असतो, त्यामुळे त्याचे चौकोन चौरस असतीलच असं नाही. भिंतीवर घेतल्यावर मोर बसका दिसतो.

आता भिंत. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा हिच्यामुळे. तळहात घासून बघा. पांढरी पूड लागली तर जुना चुना पूर्ण खरवडावा लागेल, नाहीतर वर्षभरात पापुद्रे निघतील. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. आतून थेंब धरले तर त्या भिंतीला लोणा येणार, दुसरी भिंत शोधा. जमिनीपासून एक फूट सोडूनच चित्र सुरू करा. प्रायमर 1 लिटर, बाहेरच्या भिंतीचं इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) पायाला दीड लिटर, नक्षीच्या रंगाला दीड लिटर. रंगाच्या दोन हातांना हिशेबाने एवढं लागत नाही, पण मुलांच्या हातून सांडतं. रंग दुकानातूनच एका वेळी मिसळून घ्या. शाळेत डब्यात ढवळून केलेली छटा पुढच्या शनिवारी पुन्हा जमत नाही.

आखणी ओळंबा लावून करा. दोन्ही कर्ण 13 फूट 5 इंच आले तरच चौकट काटकोनात आहे. दोरी गेरूत बुडवून मारू नका, गेरू ओल्या रंगात मिसळून फिकट छटा मळवतो. साधी खडूची पूड पुरते. दर बाराव्या रेषेला आकडा घाला आणि भरायच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक फुली मारा. फुली नसली की कोणीतरी एक चौकोन चुकतं आणि पुढची सगळी ओळ सरकते.

भिंतीपाशी एका वेळी सात-आठ मुलंच मावतात. उरलेल्या चाळीसांचं नियोजन नसेल तर गोंधळ ठरलेला. त्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्या. आपल्या नक्षीच्या बारा ओळींची बारा कार्डं पंचिंग मशीनने भोकं पाडून करायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचे चार शनिवार धरा. शनिवारची शाळा सकाळची असते. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, सुरू झाला की मुलं हाती लागत नाहीत, नंतर परीक्षा. उन्हाळ्यात तर रंग ब्रशवरच वाळतो आणि जोडांचे पट्टे दिसतात.

मानधन आधी लिहून ठरवा, आणि त्यात चार शनिवारांबरोबर आखणीचे दोन दिवसही धरा. "मुलांसाठीच तर आहे" म्हणून ते दोन दिवस फुकट मागितले जातात. पण मुलांना मुलांचं काम करायला मिळतं ते त्याच दोन दिवसांमुळे.

उरलेला रंग काचेच्या बरणीत घट्ट बंद करा, वर छटेचा नंबर लिहा. चेंडू लागून खालच्या दोन ओळी आधी खरचटतात. त्या पुढच्या वर्षीच्या आठवीने भराव्यात, बरणी आणि मूळ ग्राफ कलाशिक्षकांच्या कपाटात ठेवा.