साक्षीदाराची सही

पोर्तुगीज काळातले जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले वाचायचे, त्यांचं भाषांतर करायचं आणि त्यांवरून वारसांची साखळी जुळवून द्यायची, हे माझं पणजीतलं काम. गोव्याबाहेरच्या लोकांना प्रश्न पडतो की इतके जुने कागद आता कोणाला लागतात. रोज लागतात. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण वारशाचा पाया पोर्तुगीज नागरी कायद्याचाच राहिला. या कायद्यात आईवडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, मग घर हिंदूचं असो की ख्रिश्चनाचं. त्यामुळे आजीचं माहेर कागदावर सिद्ध झालं की नातवंडांचा हक्क उभा राहतो. सिद्ध नाही झालं तर आजी त्या घरात जन्मलीच नव्हती, असाच त्याचा अर्थ होतो.

फोंड्याकडच्या एका कुळागराचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा नेमका हाच पेच होता. पोफळी, मिरवेली, केळी आणि मधोमध जुनं चौकी घर. मूळ मालक नवरा-बायको जाऊन कित्येक दशकं लोटली होती आणि वाटणी कधी झालीच नव्हती. आता इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचा, दावा लागला होता. या दाव्यात मालमत्तेचा प्रमुख शपथेवर सगळ्या वारसांची नावं देतो. इथे प्रमुख होते थोरल्या मुलाचे चिरंजीव, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणते. नावं कोणाचीच लिहीत नाही, घरगुती बाब आहे.

काकांनी दिलेल्या वंशावळीत आजोबा-आजी आणि त्यांचे तीन मुलगे होते. मुलगी नव्हती. दावा लागल्याचं कळून गिरगावातल्या एक बाई वकिलाकडे आल्या. त्यांचं म्हणणं, "आमची आजी याच घरातली. तीन भावांची एकुलती बहीण." काकांचं उत्तर ठाम होतं, "मला आत्या नव्हती. असती तर बाबा बोलले नसते?"

काका खोटं बोलत नव्हते, हे मला पहिल्या भेटीतच जाणवलं. वंशावळी वाचताना मला कायम खटकतं ते हेच. आपल्याकडे पुरुषाखाली पुरुष लिहीत जायची रीत. बायको आलीच तर सासरच्या नावानं, आणि लेक लग्न होऊन गेली की तिच्यापुढची रेघ पुसलेली. त्यात लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचं. माहेरी एक बाई, सासरी दुसरीच. एका पिढीत ती दोन्हीकडच्या कागदांतून निसटते.

गिरगावच्या बाईंकडे आजीचा मुंबईतला मृत्यूचा दाखला होता, रेशनकार्डाची झेरॉक्स होती. सगळीकडे सासरचं नाव. आडनावसुद्धा गोव्यातलं नव्हे. नवऱ्याचं घराणं गोव्यात नाईक, पण मुंबईत गेल्यावर त्यांनी गावावरून 'कर' लावून घेतलं होतं, तसं पुष्कळ घरांनी केलं. या कागदांवरून कुळागरापर्यंत पोचायला वाटच नव्हती. मग त्या सहज बोलून गेल्या, "बाबांचा जन्म मात्र आजोळी झाला, १९४० साली. पहिलं बाळंतपण ना!"

तिथे धागा सापडला. पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं असतात. गोव्यात १९१४ पासूनच्या या नोंदी आहेत. बाईंच्या वडिलांची नोंद मिळाली. आईचं नाव सासरचं, पण पुढे आईचे वडील आणि आईची आई अशी दोन नावं स्पष्ट, आणि ती काकांच्या आजी-आजोबांच्या नावांशी जुळत होती.

काकांच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली आणि ती रास्तच होती. त्या नावांची जोडपी तालुक्यात डझनभर असतील. नुसत्या नावांवर शेअर मागता येत नाही. मलाही ते पुरेसं वाटत नव्हतं. दोन्ही घरांची आणि दोन्ही नावांची माणसं एका जागी ज्या कागदावर असतात तो एकच, लग्नाची नोंद. २५ डिसेंबर १९१० च्या पोर्तुगीज विवाह कायद्यानं लग्न हा दिवाणी करार ठरला, आणि म्हणून भटजींनी लावलेलं लग्नही सरकारी वहीत उतरलं. वधू तिथे माहेरच्या नावानं असते. तिचे आईवडील, वराचे आईवडील, वय, गाव, धंदा, साक्षीदार, खाली सगळ्यांच्या सह्या.

नोंद शोधायला वेळ लागला तो सूचीमुळे. या वह्यांच्या शेवटच्या सूचीत आडनावावर काही शोधता येत नाही, पहिल्या नावावर शोधावं लागतं. आणि लिपी रोमन, उच्चार पोर्तुगीज. 'श' ला एक्स, 'क' ला कधी सी, कधी क्यू. नवऱ्याचं नाव 'श'वरून, म्हणजे सूचीच्या पार तळाशी. १९३८ च्या वहीत तो सापडला. तारीख एकाही आकड्याशिवाय, अक्षरांत लिहिलेली. कारकुनाचं अक्षर तिरकं, दाट, शाई तपकिरी पडलेली. वराचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव १९४० च्या जन्मनोंदीशी तंतोतंत. वधूचं पहिलं नाव वेगळं, माहेरचं. तिचे आईवडील तेच. गाव तेच, वाडासुद्धा तोच.

पुढे मी साक्षीदारांपाशी थांबले. बरेच लोक ही ओळ सोडून देतात, वकीलसुद्धा. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. आईवडिलांची नावं एकसारखी असू शकतात, पण लग्नाला उभा राहून सही करणारा माणूस घरचाच असतो. मामा, काका, भाऊ. पहिल्या साक्षीदाराचं नाव काकांच्या वडिलांचं होतं.

नोंदीचा तेओर मागवला. तेओर म्हणजे वहीतल्या मूळ पानाचीच प्रमाणित नक्कल, सह्यांसकट. तो घेऊन आम्ही फोंड्याला वकिलांच्या कचेरीत बसलो. काका आणि त्यांचे वकील एका बाजूला, गिरगावच्या बाई दुसऱ्या बाजूला. मी भाषांतर ओळीनं वाचत गेले. काका खिडकीबाहेर बघत ऐकत होते. साक्षीदाराचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान वळवली. "असतील त्या नावाचे दुसरे कोणी," असं म्हणाले, पण हात पुढे केला.

मी तेओर त्यांच्यापुढे ठेवला. तळाशी सह्या होत्या. वधूची देवनागरीत, एकेक अक्षर सुटं काढलेलं. तिच्या खाली साक्षीदाराची, रोमन लिपीत सफाईदार, आणि शेवटच्या अक्षरातून मागे ओढलेली एक लांब रेघ, तिला मध्येच छेदणारे दोन छोटे फाटे. काकांनी चष्मा पुसून घातला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाकिटातून त्यांनी वडिलांच्या एका विक्रीखताची झेरॉक्स काढली. दाव्यासाठी सोबत आणलेलीच होती. तीच रेघ, तेच दोन फाटे.

"ही बाबांची सही," काका म्हणाले. आपल्या वकिलांकडे न बघताच म्हणाले.

गिरगावच्या बाई तोवर गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "काका, मग आजीचं येणंजाणं का तुटलं?" त्याचं उत्तर काकांनाच सुचलं, बोलता बोलता. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारतानं गोव्याची कोंडी केली. ये-जा जवळजवळ थांबली, परवान्याशिवाय हद्द ओलांडता येईना. मुंबईत दिलेली लेक चवथीला माहेरी येईना, पत्रं रखडायला लागली. तेव्हा काका पाच वर्षांचे होते. हद्द १९६१ ला उघडली, तोवर त्यांचे आजी-आजोबा गेले होते. लेकीनं ज्यांच्यासाठी यायचं तेच उरले नव्हते.

"आत्या गेली कधी?" काकांनी विचारलं. पहिल्यांदाच 'आत्या' म्हणाले.

"सत्त्याऐंशी साली."

"आमच्याकडे कोणी सुतक पाळलं नाही," ते म्हणाले. "कळलंच नाही कोणाला." बाईंनी त्यांच्यासमोर आजीचा एक फोटो धरला, आणि काकांनी तो पुष्कळ वेळ हातात ठेवला. "हनुवटी धाकट्या काकांची आहे," एवढंच म्हणाले.

कायद्याच्या नजरेत सह्यांचं साम्य हा एकटाच पुरावा म्हणून पुरत नाही, आणि तसं मी अहवालात लिहिलंही. पण इथे तो एकटा नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावरून नवरा, नवऱ्यावरून १९४० ची जन्मनोंद, जन्मनोंदीवरून आईचे आईवडील, आणि लग्नाच्या नोंदीत ही सगळी माणसं एकाच पानावर. मुंबईतलं 'कर' आणि गोव्यातलं नाईक यांचा सांधा जुळवायला बाईंनी वडिलांचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र आणलं. त्यावर जन्मगाव आणि तीच जन्मतारीख होती. माझ्या मते साखळीत हा सांधा सगळ्यात कच्चा होता, म्हणून तो मी वेगळा नमूद केला.

काकांनी वारसांच्या यादीत दुरुस्तीचा अर्ज दिला. चार अपत्यं, प्रत्येकाचा पाव वाटा, आणि आत्याचा पाव तिच्या मुलांच्या वंशात. धाकट्या शाखेतल्या एका पुतण्याला हे पटलेलं नाही. त्यानं हरकत नोंदवली आहे, त्यामुळे मूल्यांकन अजून व्हायचंय. काकांनी मात्र मला वेगळंच काम दिलंय. आजोबांच्या बहिणी शोधायच्या. त्यांची लग्नं १९१० च्या आधीची, म्हणजे सरकारी वहीत मिळणार नाहीत. देवस्थानाचे आणि गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे, कागद चाळावे लागतील, बरेचसे मोडी लिपीतले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या माडीवरची पेटी उघडायची ठरली आहे.