लॅपटॉप बघायला गेलो, वॅट शिकून आलो

आज बाबांसोबत मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणजे लॅमिंग्टन रोड, पालथा घातला. बजेट ८० हजार, त्यावर आईची अट वेगळीच: "हलका घे रे, लोकलमधून न्यायचाय."

दुकानं बदलली तरी पाढा तोच. "आरटीएक्स ४०५० आहे, सगळे गेम पळतील." अहो, पण कोणती ४०५०? लॅपटॉपमधल्या या ग्राफिक्स चिपला ती बनवणाऱ्या एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज घ्यायची मुभा दिलीये. स्टिकर तोच, पण पातळ, देखण्या मॉडेलमध्ये तिला बरेचदा कमी वीज मिळते, जाडजूडमध्ये भरपूर, आणि फ्रेम्समध्ये, म्हणजे गेम किती सुरळीत पळतो त्यात, ते चांगलंच जाणवतं. हा आकडा खोक्यावर शोधून सापडत नाही. एका काकांना विचारलं, तर त्यांनी चार्जरवरचे वॅट वाचून दाखवले 😄

रॅमचं मला टेन्शन नाही. रिकामा स्लॉट असला की दुसरी पट्टी नंतर टाकता येते. ग्राफिक्सची ६ जीबी मेमरी मात्र जन्मभर ६ जीबीच. आणि स्क्रीन! '१४४ हर्ट्झ' (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतं) मोठ्या अक्षरात, पण रंग ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असले की सगळं ब्लीचमधून काढल्यासारखं दिसतं.

बाबांनी दिवसभरात एकच प्रश्न विचारला, "यावर प्रोजेक्ट होईल ना?" होईल हो बाबा. प्रोजेक्टसुद्धा होईल.

जाडजूडच घ्यायचा हे माझं पक्कं झालंय, आईला अजून सांगितलं नाही. तुमच्यापैकी कोणी असला रणगाडा कॉलेजला नेत असेल, तर लायब्ररीत पंख्याच्या आवाजाने लोक वळून बघतात का, तेवढं सांगा.