आज दिवसभर इन्स्टॉल, इन्स्टॉल, इन्स्टॉल

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा म्हातारा लॅपटॉप ११ च्या अटींत बसेना. म्हणून आज उबुंटू २४.०४ (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) टाकलं. ते तासाभरात झालं. खरी गंमत पुढे.

सवयीने व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइट उघडली आणि मग आठवलं, इथे विंडोजची 'डॉट ईएक्सई' फाइल दोन क्लिकवर चालत नाही. सॉफ्टवेअर उबुंटूच्या ऑनलाइन भांडारातून येतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहायची: सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी. पासवर्ड विचारला. टाइप करतेय तर पडद्यावर अक्षर नाही, ठिपका नाही. वाटलं, कीबोर्डच गेला! दोनदा चुकल्यावर कळलं की तो मुद्दामच दिसू देत नाहीत. तिसऱ्यांदा जमलं. लागणाऱ्या बाकीच्या फाइलीही ॲप्ट या इन्स्टॉल करणाऱ्या साधनानेच आपणहून आणल्या. नेक्स्ट-नेक्स्ट करत बसणं नाही, सोबत नको असलेला टूलबार नाही. हे मात्र फार आवडलं.

पण एकच ॲप डेब, स्नॅप आणि फ्लॅटपॅक अशा तीन प्रकारच्या पॅकेजच्या रूपांत समोर आलं की निवडायचं काय? मी डेब घेतलं. कारण विचारू नका.

मराठी टायपिंगचं इनस्क्रिप्ट सेटिंगमध्येच मिळालं. लिब्रेऑफिस (लेखन-हिशेबासाठी) आणि गिम्पही (फोटोंसाठी) इन्स्टॉल झाले. हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर तेवढं वाइनमध्येही (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) उघडेना. त्याच्याशी उद्या पुन्हा झटापट.

आणि हो, ही पोस्ट उबुंटूवरूनच लिहितेय.