इस्टेट कोणाच्या नावार?

दुपारी जेवण अंमळ जास्त झालं की मला झोप येत नाही, सस्पेन्स सिनेमा बघावासा वाटतो. परवा शिरोड्याच्या घरी पाऊस उभा-आडवा लागला होता. लाईट जायच्या आत 'वो कौन थी?' लावून घेतला. १९६४चा, राज खोसलांचा. पांढऱ्या साडीतली साधना भर पावसात रस्त्यात उभी. डॉक्टर झालेला मनोजकुमार तिला गाडीत घेतो, वायपर बंद पडतात, त्याला पुढचं काही दिसत नाही आणि तिला मात्र सगळं दिसतं. मग कब्रस्तानाचं फाटक आपोआप उघडतं.

रंग चढवलेले जुने सिनेमे मी बघत नाही. तिच्या बोटावरचं रक्त काळंच हवं. लाल झालं की माझं लक्ष साडीच्या काठाकडे जातं. त्यातल्या 'नैना बरसे'चं शूटिंग ठरलं तेव्हा लताबाईंचं रेकॉर्डिंग झालेलं नव्हतं, म्हणून साधनाने चक्क संगीतकार मदनमोहनच्या आवाजावर ओठ हलवले. धुक्यातून बाई चाललीय आणि गळा पुरुषाचा! तिथे जमलेल्या बघ्यांनी खरं भूत पाहिलं म्हणायचं.

आम्ही हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, वाडीतल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर. ओटीवर चटया, मागे भिंतीला टेकून बायका, आणि एक पोरगा कायम बाहेर अँटेना धरून. 'दिसता काय रे?' 'मुंग्या येतत!' फाटक उघडलं तेव्हा माझ्या चुलतभावाने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. आजी मात्र वैतागलेली. 'बाईमाणूस ह्या पावसात इरला घेतल्याशिवाय भायर पडला कसा?'

तिचंही बरोबरच होतं. आमच्याकडची भुतंखेतं अशी उगाच भिजत गाणी म्हणत फिरत नाहीत. जागेची राखण करणाऱ्या राखणदाराला त्याचा नारळ-कोंबडा ठरलेला. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावभर फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांब चामडी चपला वाहतात आणि वर केळ्यांचा घड. इतक्या रीतसर व्यवहारात वाढलेल्या बाईला साधना पटायची कशी?

मध्यंतराच्या आसपास आजीने विचारलं, 'ह्या डॉक्टराच्या नावार जमीनजुमलो आसा काय रे?'

आहे म्हटलं. कुणा नातेवाइकाची मोठी इस्टेट त्याला मिळायची आहे.

'मगे भूत नाय ता. भाऊबंद आसतले.' आणि ती तांदूळ निवडायला उठून गेली.

शेवटच्या रिळात काय निघतं ते साठ वर्षांनी सांगायला हरकत नसावी. डॉक्टरला वेडा ठरवून इस्टेट गिळायला टपलेला नात्यातलाच वारसदार. सगळी ओटी 'अगो बायs' करत होती. आतून सुपाचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

तेव्हापासून कुठलाही सस्पेन्स सिनेमा असो, मी आधी सातबारा शोधतो. 'मेरा साया' सोडला तर फार वेळा फसलो नाही. मजा थोडी कमी होते, पण साधना दिसली की ती भरून निघते.

आजी गेली. घराच्या सातबाऱ्यावर आता सगळ्या चुलत्यांची आणि त्यांच्या पोरांची नावं चढलीत, वाटपाचा दावा चालू आहे. माझं मनगट आवळणारा तो चुलतभाऊ त्यात प्रतिवादी आहे. त्याच्या वकिलाचे कागद वाचले तर कब्रस्तानाचं फाटक मीच उघडलंय.