बोटात न बसलेली अंगठी

१ जून २०२५ ला, रविवारी सकाळी, रेवाने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "संपलं माझं. यापुढे मी नाही बघणार."

मी आमरसाचे आंबे पिळत होते. रसाने भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आले. आदल्या रात्री तिकडे इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेच्या हंगामाचा शेवटचा भाग लागला होता. शूटी गाटवा या नटाचा डॉक्टर गेला आणि त्या सोनेरी उजेडातून बाहेर आली बिली पायपर. वीस वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, जी डॉक्टरची सोबतीण रोझ होती, तीच. श्रेयनामावलीत तिच्या नावापुढे 'डॉक्टर' असं लिहिलंच नाही. त्यामुळे ती डॉक्टर आहे की आणखी कोणी, यावर जगभर चर्चा सुरू झाली होती. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला त्या चर्चेत काडीचा रस नव्हता. तिला चेहरा बदललेलाच नको होता.

मी तिला समजवायला तोंड उघडलं आणि मिटलं. आठ वर्षांपूर्वी याच खोलीत मी तिला काय म्हणाले होते, ते आठवलं.

ही मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. डॉक्टर हा दुसऱ्या ग्रहावरचा, दोन हृदयांचा प्रवासी. जुन्या पोलिसी खोक्यासारख्या दिसणाऱ्या निळ्या यानातून तो काळात कुठेही जातो, आणि ते खोकं बाहेरून कपाटाएवढं आणि आतून वाड्याएवढं असतं. मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पहिला भाग दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी, ज्यांचा जन्म लखनौचा. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल तीन वर्षांत आजारपणामुळे थकले. मालिका बंद करायची की नट बदलायचा, असा प्रश्न आला तेव्हा निर्माते-लेखक मंडळींनी असं ठरवलं की हा प्राणी मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर नवं होतं. माणूस तोच, आठवणी त्याच, पण चेहरा, आवाज, स्वभावाची ढब, सगळं वेगळं. त्या एका युक्तीवर ही मालिका साठ वर्षांच्या पुढे आली आहे.

मला हे वेड लागलं इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या दादामुळे. तो दर दोन वर्षांनी बडोद्याला येताना डीव्हीडीची थप्पी आणायचा. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. पीटर कपाल्डीचा डॉक्टर फळ्यावर खडूने लिहायचा, विद्यार्थ्यांवर भुवया उंचावून बघायचा, तेव्हा मला तो थेट आमच्या स्टाफरूममधला वाटायचा. पण तो माझा झाला तो आई गेल्यानंतर.

आई २०१६ च्या श्रावणात गेली. कपाल्डीचा 'हेवन सेंट' नावाचा एक भाग आहे. सोबतीण गमावलेला डॉक्टर एका रिकाम्या गढीत एकटाच अडकतो. बाहेर पडायच्या वाटेवर वीस फूट जाडीची भिंत, हिऱ्याहून कठीण. तो तिच्यावर ठोसे मारतो, मरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, पुन्हा तेवढेच ठोसे मारतो. असं साडेचार अब्ज वर्षं. त्या पावसाळ्यात घरातले सगळे झोपले की मी तो भाग लावायची. किती वेळा पाहिला मोजलं नाही. रोज सकाळी उठून डबे करायचे, शाळेत जायचं, प्रकाशाचं अपवर्तन शिकवायचं आणि संध्याकाळी चुकून आईला फोन लावायला हात उचलायचा. रोज तीच भिंत. ती भिंत माझ्याबरोबर त्या नटाने फोडली, असं मी आजही म्हणेन.

मग आला १६ जुलै २०१७. रविवारच होता. बाबा, म्हणजे माझे सासरे, विम्बल्डनचा अंतिम सामना बघत होते. फेडरर आठव्यांदा जिंकला आणि बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात दादाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एक मिनिटाची चित्रफीत. रानातून टोपडं ओढलेली एक आकृती चालत येते, तळहातावर यानाची किल्ली प्रकट होते, टोपडं मागे सरकतं. जोडी व्हिटेकर. पहिल्यांदाच डॉक्टर बाई.

आठ वर्षांची रेवा माझ्या खांद्यावरून बघत होती. ती जागच्या जागी उड्या मारायला लागली. आणि मी म्हणाले, "ही डॉक्टर नाही."

"का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या उड्या थांबल्या. ती बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली आणि टीव्हीवर फेडररचा चषक बघायला लागली, जिला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

त्या रात्री मी लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसले. काही इतक्या घाणेरड्या होत्या की मी फोन उलटा करून ठेवला. बाईने स्वयंपाकघर सांभाळावं, यान कशाला चालवावं, या जातीच्या. काही साध्या होत्या: मुलग्यांना मारामारी न करणारा, डोक्याने जिंकणारा एक नायक होता, तो गेला. पाचवे डॉक्टर पीटर डेव्हिसन यांनीही त्याच सुमारास अशीच खंत बोलून दाखवली, आणि सहावे डॉक्टर कॉलिन बेकर यांनी ती खोडून काढली, म्हणाले मुलग्यांनी बाईचा आदर्श का ठेवू नये. मला बेकर यांचं पटलं. शाळेत मी रोज पाहते, नववीतले मुलगे चांगल्या बाईंचं ऐकतात आणि त्यांच्यासारखं व्हायलाही बघतात.

पण माझं दुखणं त्यातलं नव्हतंच. कपाल्डीच्या जागी कोणताही बाप्या आला असता तरी मी हेच म्हणाले असते. मला माझा माणूस जायला नको होता. नाराज प्रेक्षक म्हटला की सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात, ते मला तेव्हाही खटकलं आणि आताही खटकतं. शिव्या देणाऱ्यांना उत्तर देऊ नये, त्यांना दार दाखवावं. ज्याचं मन मोडलंय त्याच्याशी मात्र बसून बोलावं लागतं, आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. मॅट स्मिथ डॉक्टर म्हणून निवडला गेला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, लोक म्हणाले पोरगा आहे. कपाल्डी पंचावन्नाचा, तर लोक म्हणाले म्हातारा आहे. दर खेपेला काही लोक रडतात, आणि दर खेपेला कुठेतरी एखादं पोर उड्या मारतं.

व्हिटेकरचा पहिला भाग लागला ७ ऑक्टोबर २०१८ ला. तीन दिवसांवर नवरात्र. बडोद्यात त्या आठवड्यात दुसरं काही सुचत नाही, गल्लोगल्ली गरब्याचे सराव चालू असतात. रेवाच्या चणिया-चोळीचं माप देऊन झालं होतं. तो भाग आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिला. त्यात डॉक्टरचं सगळं सामान हरवलेलं असतं, म्हणून ती शेफील्डच्या एका गॅरेजमध्ये भंगारातून आणि पोलादी चमचे वितळवून आपला स्क्रूड्रायव्हर, म्हणजे डॉक्टरचं नेहमीचं सगळ्या कामांचं अवजार, स्वतः बनवते. चष्मा चढवून, हातोडी घेऊन, ठिणग्या उडवत. तो संपल्या संपल्या रेवा म्हणाली, "मला चणिया-चोळी नको. तिच्यासारखे पिवळे गॅलिस हवेत."

मंगळ बाजारात पिवळे गॅलिस मिळायला चार दुकानं लागली. स्क्रूड्रायव्हर आम्ही घरी केला. नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल, पिवळ्या एलईडीला दोन व्होल्ट पुरतात, वर काळी चिकटपट्टी. आणि दांड्याला चमचा. पहिला चमचा वाकवताना मानेशीच मोडला. रेवा मांडणीवरून दुसरा घेऊन आली. जाड, जुना, दांड्यावर आईच्या नावाची अक्षरं कोरलेली. माहेरून आणलेल्या दोन-चार वस्तूंपैकी तो एक. मी तो हातात घेऊन जरा वेळ बसले. मग पक्कड घेतली आणि वाकवला. हा बरोबर वाकला.

सप्तमीच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गरब्यात एक मुलगी पिवळे गॅलिस लावून टाळ्या देत होती. तिच्या खिशात तो चमचा उजळत होता.

मालिकेविषयी प्रामाणिक सांगायचं तर व्हिटेकरला तिच्या तोलाच्या कथा फार थोड्या मिळाल्या. भाषणं पुष्कळ, प्रसंग कमी. तिच्या वाट्याला एखादा 'हेवन सेंट' आला असता तर काय झालं असतं, हे मला नेहमी वाटतं. पण एक भाग असा होता की त्यासाठी मी तिला सगळं माफ केलं. ११ नोव्हेंबर २०१८, दिवाळी नुकतीच संपलेली. विनय पटेल यांनी लिहिलेला 'डीमन्स ऑफ द पंजाब'. फाळणीचे दिवस, शेताच्या मधून पडणारी सीमारेषा, एक मुसलमान मुलगी आणि एक हिंदू मुलगा यांचं लग्न, आणि नवऱ्या मुलाचा सख्खा भाऊ दंगलखोरांच्या बाजूला. डॉक्टरला सगळं ठाऊक असतं, थांबवता काहीच येत नाही. ती एवढंच करते की त्या दोघांचं लग्न लावून देते.

बाबा त्या दिवशी सहज येऊन बसले होते, हातात लीला चिवड्याची वाटी. एरवी ते म्हणायचे, हे इंग्रजांचं काय बघत बसता. त्या दिवशी वाटी तशीच राहिली. लहानपणी बाबांच्या वर्गात बडोद्यातल्या वारसिया वस्तीतला एक सिंधी मुलगा होता, घरदार सोडून आलेल्यांपैकी. तो डब्यातला शेवटचा घास कधी खायचा नाही, बांधून घरी न्यायचा, हे बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. शेवटी मालिकेची नेहमीची धून आपल्याकडच्या गळ्यातून, आलापीसारखी आली. बाबा म्हणाले, "या बाईंनी लग्न छान लावलं." त्यांच्या लेखी ती डॉक्टर होती, कधीपासून होती याची चौकशी त्यांनी केली नाही.

ती गेली २०२२ च्या दिवाळीत. तिचा शेवटचा भाग २३ ऑक्टोबरला लागला. आम्ही तो नरकचतुर्दशीला पाहिला, पहाटेच्या अंघोळी उरकून. रेवाच्या केसांना तेलाचा, अंगाला उटण्याचा वास. पडद्यावर समुद्रकाठच्या कड्यावर सूर्य उगवत होता आणि ती त्या उजेडात विरघळून गेली. तिच्या जागी डेव्हिड टेनंट, जुनाच चेहरा परत. आणि कपडेही बदललेले. एरवी नवा डॉक्टर जुन्याच्या अंगावरच्या कपड्यांत जागा होतो, बाह्या लांब, खांदे ढगळ. या वेळी तेही नाही. तेरा वर्षांची रेवा ओक्साबोक्शी रडली. "तिचा कोट पण नेला, आई." फराळाचं ताट मी तसंच झाकून ठेवलं आणि तिच्याजवळ बसले. या वेळी मी काही बोलले नाही.

तर त्या जूनमधल्या रविवारी आमरस राहिला बाजूला, हात धुऊन मी तिला एक गोष्ट सांगितली.

नोव्हेंबर १९६६. हार्टनेल मालिका सोडून गेले होते, त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले होते. मालिकेत असं याआधी कधीच झालेलं नव्हतं, प्रेक्षकांना काही कळत नव्हतं. लेखकाने काय केलं? डॉक्टरच्या दोन सोबत्यांपैकी पॉलीला वाटतं की हाच तो. बेनला मुळीच वाटत नाही. बेन जुन्या डॉक्टरची अंगठी पुढे करतो, तू तोच असशील तर ही तुझ्या बोटात बसेल. पण ती नव्या डॉक्टरच्या बोटात बसतच नाही. लेखकाने आपली शंका लपवली नाही, ती बेनच्या तोंडी दिली आणि अंगठी खरोखरच बसू दिली नाही.

त्या कथेचे सहाही भाग आज उपलब्ध नाहीत. त्या काळी बीबीसी फिती पुसून पुन्हा वापरायची. चित्र गेलं, आवाज राहिला, कारण घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसणारे प्रेक्षक होते. ज्यांच्यापुढे हा परका माणूस उभा केला होता, त्यांनीच त्याचा आवाज जपला. २०१६ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्याच आवाजावर चित्रं काढून ती कथा पुन्हा उभी केली.

रेवा ऐकत होती. लॅपटॉप अजून मिटलेलाच.

"मग बेनला कधी पटलं?"

"डालेक त्याला बघताक्षणी ओळखतो, तेव्हा पटायला लागतं."

"म्हणजे शत्रूने ओळखल्यावर?"

"हो."

ती जरा वेळ विचार करत बसली. मग स्वयंपाकघरात आली, ताटातली एक कोय उचलली आणि ओट्याला टेकून चोखायला लागली.

"मग मी डालेक येईपर्यंत थांबते," ती म्हणाली. "तोपर्यंत ही डॉक्टर नाही."

"बरं," मी म्हणाले आणि पुढचा आंबा घेतला.