मामांचे आजारपण

मामांच्या लघवीतून पहिल्यांदा रक्त गेले तेव्हा वेदना मुळीच नव्हती. गावच्या डॉक्टरांनी मुतखडा समजून औषधे दिली आणि रक्त आपोआप थांबल्यामुळे सोनोग्राफीचा विषय मागे पडला. वास्तविक असे वेदनारहित, अधूनमधून जाणारे रक्त मूत्रपिंडाच्या किंवा मूत्राशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते, आणि ते थांबले म्हणजे कारणही गेले असे होत नाही. पुढे पाठदुखी वाढली, वजन उतरले म्हणून सीटी स्कॅन केला, तोवर रोग मूत्रपिंडातून फुफ्फुसांत आणि मणक्यांत पसरला होता.

मूत्रपिंडाच्या या कर्करोगावर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही, हे चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला समजावणे हेच एक काम होऊन बसले. मामांना केमोथेरपीऐवजी सुनिटिनिब हे कर्करोगाची वाढ रोखणारे औषध सुरू झाले: ४ आठवडे गोळ्या, २ आठवडे विश्रांती. गोळी म्हणजे सौम्य उपचार, असा समज असतो. प्रत्यक्षात तळपाय सोलवटतात, तोंड येते, रक्तदाब चढतो. मामी मऊ भात आणि बिनतिखटाचे वरण करतात, तळव्यांना मलम लावतात, रक्तदाब रोज वहीत टिपतात. (डॉक्टर सर्वांत आधी ती वहीच मागतात.)

धाकट्या मामेभावाला पहिल्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची आहे, आणि त्याचा राग मला रास्त वाटतो. जुने कागद आम्ही तारखेनुसार लावून ठेवले आहेत. मात्र मामांसमोर तो विषय काढायचा नाही, असे त्यांनीच बजावले आहे. त्यांना सध्या फक्त पुढच्या स्कॅनबद्दल बोलायचे असते, तेही काही न लपवता.