पिझ-टीची पट्टी टिकेपर्यंत : माझा अनुभव

भातावरील करप्याचे संशोधन हाती घेतले तेव्हा रोगप्रतिकार म्हणजे झाडाने संरक्षक प्रथिने तयार करणे, एवढीच माझी समजूत होती. ती प्रथिने वेळच्या वेळी मोडली जाणेही तितकेच आवश्यक असते, हे मला पिझ-टी या प्रथिनामुळे उमगले. करप्याच्या बुरशीने पेशीत सोडलेल्या एव्हीआर-पिझ-टी या प्रथिनाची चाहूल लागली की पिझ-टी प्रतिकार सुरू करते. एरवी मात्र ते साचू नये म्हणून भाताचेच एपीआयपी-१० हे प्रथिन त्याला प्रोटिअसोमकडे, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडे, धाडण्यास कारणीभूत ठरते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एपीआयपी-१० घटवल्यावर पिझ-टी साचले आणि पेशी मरू लागल्या. पिझ-टी नसलेल्या भातात मात्र एपीआयपी-१० घटवल्यावर रोगापासूनचे मूलभूत संरक्षणच दुबळे झाले. एकाच प्रथिनाच्या या दोन भूमिकांनी मला अक्षरशः झपाटले.

हे मोडणे मला नळीत पाहायचे होते. पाने द्रव नायट्रोजनमध्ये खलून अर्क काढायचा, त्यात एटीपी (प्रोटिअसोमला कामासाठी लागणारे ऊर्जावाहक रसायन) आणि पिझ-टीचा शुद्ध तुकडा मिसळायचा, एका नळीत प्रोटिअसोम रोखणारे एमजी-१३२ घालायचे आणि ठरावीक वेळाने नमुने घेऊन वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे हवे ते प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी, करायचा, अशी पद्धत होती. एमजी-१३२ असलेल्या नळीत पट्टी टिकायला हवी होती. पण तीन महिने दोन्ही नळ्यांतील पट्ट्या अर्ध्या तासात नाहीशा होत राहिल्या.

दोष बफरमध्ये, म्हणजे अर्क काढण्याच्या द्रावणात, होता. पान खलले की त्यातील इतर प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारी, विकरेही मोकळी होतात आणि त्यांना आवरण्यासाठी पीएमएसएफ घालतात. हे रसायन पाण्यात तासाभरातच निकामी होऊ लागते आणि मी ते आदल्या दिवशी मिसळून ठेवत होते. म्हणजे मला दिसत होते ते प्रोटिअसोमचे काम नव्हतेच. पुढच्या वेळी पीएमएसएफ अर्क काढण्याच्या क्षणी घातले आणि अर्क मोजणी सुरू होईपर्यंत बर्फातून हलवला नाही.

त्या दिवशीच्या फिल्मवर वरच्या ओळीतील पट्टी ३०, ६० आणि १२० मिनिटांना क्रमाने फिकट होत गेली होती, तर खालच्या, एमजी-१३२ च्या ओळीत ती शेवटपर्यंत ठळक होती. एटीपी वगळून केलेल्या तिसऱ्या नळीतही ती टिकली, तेव्हा माझी खात्री पटली. आता हेच बुरशी फवारलेल्या पानांच्या अर्कात तपासायचे आहे. त्यासाठी लावलेली रोपे चौथ्या पानावर आली आहेत.